मेव्हण्यांसाठी थांबलेली गाडी

रत्नापूरचे रणधवलराव महाराज हट्टाला पेटले होते. संस्थानातल्या रेल्वेवर निरीक्षक म्हणून त्यांनी आपले मेव्हणे भूपालराव नेमले होते. कंपनी भाडं वाढवू लागली की तिला रोखायचं, एवढंच त्यांचं काम. आणि तेवढं सोडून ते बाकी सगळं करत. मळेवाल्यांची विड्याची पानं गाडीतच सुकत, भाडं मात्र टवटवीत राही. शेवटी लोकांनी मागणी केली: राज्याच्या घटनेत दुरुस्ती करा, निरीक्षक आम्हाला मतं देऊन निवडू द्या.

"मी नेमला काय, तुम्ही निवडला काय, फरक काय पडतो?" महाराज दरबारात गरजले. "उद्यापर्यंत तो फरक मला डोळ्यांनी दाखवा. मेव्हण्यांविरुद्ध चकार शब्द काढायचा नाही. नाही जमलं, तर दुरुस्तीचं नाव पुन्हा घ्यायचं नाही!"

न झालेल्या निवडणुकीतला माणूस दाखवायचा कसा? शहाणे शहाणे लोक छताकडे बघू लागले. मग अनशी पुढे झाली. तिच्या बापावर पानमळा मोडायची पाळी आली होती, गप्प बसणं तिला परवडणारं नव्हतं.

"सरकार, सकाळी साध्या कपड्यांत स्टेशनावर या. बाकी मी बघते."

सकाळी महाराज मुंडासं बांधून तिच्या पानांच्या करंडीशेजारी फलाटावर बसले. गाडी आली, पण डब्यांची दारं उघडेनात. ऊन चढलं. महाराज घामाघूम झाले.

"काय खोळंबलंय?"

"मला बोलायची बंदी आहे, सरकार. गार्डाला विचारा."

गार्ड वैतागून म्हणाला, "भूपालरावसाहेब बसल्याशिवाय कुणाला चढू द्यायचं नाही. त्यांची अंघोळ चाललीय."

यथावकाश साहेब आले. कंपनीच्या अधिकाऱ्याने लवून पहिल्या वर्गाचं दार उघडलं. तिकीट? छे, ती भानगड तुमच्या-आमच्यासाठी.

महाराज संतापले होते, पण हट्ट काही सुटेना. "हा मी नेमलेला. तुम्ही निवडलेला कुठाय?"

"हा काय, माझ्या शेजारी बसलाय," अनशी म्हणाली. "तुम्ही नेमलेल्या माणसासाठी गाडी थांबते, सरकार. आम्ही निवडलेला माणूस गाडीसाठी थांबेल. असाच, उन्हात, घाम पुसत."

महाराज असे हसले की मुंडासं खाली पडलं, आणि त्यांना ओळखून गार्डाची बोबडी वळली.

"झाली दुरुस्ती! आता तुला काय हवं ते माग."

"निवडणुकीला भूपालरावांनाही उभं करा."

"त्यांना? ते कशाला गं?"

"मतं मागायला तरी आमच्या डब्यात चढतील."

पोट धरून हसत महाराजांनी सदऱ्याआड दडवलेला मोत्यांचा कंठा काढला आणि तिच्या करंडीत टाकला.