तिसऱ्या कपातला चहा

एकदा एक सेवानिवृत्त अभियंते मनःशांतीच्या शोधात एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे पाठाला जात असत. नाव अच्युतराव. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याला पाणी केव्हा सोडायचं, केव्हा बंद करायचं, सगळं त्यांच्या शब्दावर चाले. निवृत्तीनंतर तो शब्द झेलायला कुणी उरलं नाही आणि गृहस्थ बेचैन झाले. असं होतं बरं का! खुर्ची सुटते, पण खुर्चीची सवय काही लवकर सुटत नाही.

शास्त्रीबुवा तरुणपणी जपानात संस्कृत शिकवायला राहिले होते. एके दिवशी पाठ संपल्यावर अच्युतरावांनी विचारलं, "बुवा, जपानी लोक म्हणे हिरवा चहा घेतात आणि चित्त स्थिर ठेवतात. मला घरी जमेल का?"

"चित्ताचं ठाऊक नाही, चहा जमेल," बुवा हसले. "मात्र आपल्यासारखा आलं-साखर घालून रटरटा उकळायचा नाही. पाणी उकळलं की आधी ते कपात ओतायचं. कप हातात धरवेल इतकं निवलं की मग पानांवर घालायचं आणि मिनिटभर थांबायचं. उकळतं घातलंत तर कडूजहर होईल. आणि विकत घेताना मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून भुलू नका. लहान, घट्ट बंद पाकीट घ्या, तारीख बघून. हा चहा कोवळ्या भाजीसारखा असतो. पाकीट फोडलं की महिन्याभरात संपवायचा. पुढे वास उडतो आणि उरतं नुसतं गवत."

अच्युतराव कामाचे पक्के. स्वतः पुण्याला जाऊन ताजं पाकीट आणलं, बाजूला दांडी असलेली चिनी मातीची इवलीशी किटली आणली आणि बिनकानाचे दोन सुंदर कप आणले. एक स्वतःला, एक पाहुण्याला. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर आसन मांडून चहाची साधना सुरू झाली. त्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, नळ सोडायचा नाही. घरात दुसरं माणूस म्हणजे एकट्या कुमुदताई, त्यांच्या पत्नी. त्या गरम पाणी आणून ठेवत, पावलांचा आवाज होऊ न देता आत जात आणि यांचं आटोपलं की ओट्याशी उभ्या उभ्या आपला उकळलेला चहा घेत.

पंधराएक दिवसांनी अच्युतराव पाठाला आले ते चेहरा पाडूनच.

"चहा उत्तम होतो, बुवा. रंग सुरेख, चव सुरेख. पण..." ते घुटमळले. "कुमुद नाशिकला लेकीकडे जाते म्हणतेय. तिकीटही काढलंय. आता तिकडेच राहीन म्हणाली. भांडण नाही, तंटा नाही. शांतपणे म्हणाली हो! मला काही सुचत नाही. ती गेली तर मी त्या घरात काय करू?" एवढा करडा माणूस, पण डोळे भरून आले.

बुवांनी पोथी मिटली. "केव्हा निघतात त्या?"

"परवा."

"मग उद्या सकाळी मी चहाला येतो."

दुसऱ्या दिवशी बुवा आले. ओसरीवर आसनं मांडलेली होती. दारातून आतली कोनाड्याजवळ ठेवलेली बॅग दिसत होती. कुमुदताईंनी पाणी आणून ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि त्या माघारी वळल्या. अच्युतरावांनी पाणी निववलं, पानांवर घातलं, मिनिटभर थांबले. किटली उचलणार, तोच बुवा म्हणाले, "आज मी ओततो."

त्यांनी अच्युतरावांचा कप एका दमात काठोकाठ भरला. मग स्वतःचा भरला. मग आत वळून हाक मारली, "कुमुदताई, तुमचा कप आणा बरं."

"माझा? अहो, माझा आतला साधा चहा आहे की."

"आणा तर खरं."

त्यांनी कप आणला. त्याचा कान केव्हाच तुटलेला होता. प्रत्येक घरात असा एक कप असतो आणि तो कुणाचा असतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. कुमुदताई ओशाळल्या. बुवा म्हणाले, "वा! जपानी कपालाही कान नसतो. अगदी शोभतोय."

आणि त्या कपावर त्यांनी किटली उपडी धरली. किटलीत फारसं काही उरलंच नव्हतं. बारीक धार आली, मग थेंब थेंब. बुवा आपले किटली हलवताहेत, पुन्हा वाट बघताहेत. अच्युतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बुवा, तळचा गाळ कशाला देता तिला? मी दुसरा करतो ना."

"असू द्या हो," कुमुदताई सहज म्हणाल्या. "मला सवय आहे."

इतकं सहज म्हणाल्या की अच्युतरावांनी किटलीकडे नेलेला हात मागे घेतला.

"आता आपापला कप घ्या," बुवा म्हणाले.

अच्युतरावांनी घोट घेतला आणि कपाळाला आठी पडली. चहा फिका, जवळजवळ पाणीच. रोज तर असा लागत नसे! कुमुदताईंनी भीतभीत ओठ लावला, डोळे मिटले, उघडले. "अगंबाई! हा तर गोड लागतोय. साखर कुठे घातली?" त्यांनी न राहवून कप नवऱ्यापुढे धरला. त्यांनी चाखला. त्या दोन घोटांत चहाचा सगळा जीव उतरला होता.

बुवा सावकाश बोलू लागले, "आपल्या चहात शेवटच्या कपाला भुकटी येते. ह्या चहात सारं सत्त्व शेवटच्या थेंबांत असतं. म्हणून तिकडे एक कप भरून मग दुसरा भरत नाहीत. प्रत्येकाच्या कपात थोडा थोडा ओतत जातात आणि त्याच वाटेनं परत येतात, म्हणजे कुणाच्याच वाट्याला नुसतं पाणी येत नाही. अच्युतराव, मी तुम्हाला सगळी कृती सांगितली, एवढंच सांगायचं राहिलं. तुम्ही घरात दोघं असून एक कप स्वतःला आणि दुसरा पाहुण्याला आणाल, असं मला वाटलं नव्हतं. एकानं शांत बसावं म्हणून दुसऱ्यानं श्वास रोखून धरायचा, ही कसली शांती? रोज किटलीभर तुम्ही एकटे प्यालात, म्हणून चव चांगली लागली. आज वाटे पडले, तेव्हा मी मुद्दाम तुमचा कप आधी भरला, म्हणून तुमच्या वाट्याला नुसतं पाणी आलं."

अच्युतरावांनी आपला फिका कप खाली ठेवला. म्हणाले, "कुमुद, तू कधीच माझ्याबरोबर चहाला बसली नाहीस ना?"

"बस म्हणालात कधी?"

"तू जाऊ नयेस असं वाटतं मला. भीती वाटते."

"मग बोलायचं की हो तसं!" कुमुदताईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला वाटलं, माझ्या पावलांचा आवाजही तुम्हाला नकोसा झालाय."

बुवांनी किटली अच्युतरावांपुढे सरकवली. "ह्याच पानांवर आणखी एकदा पाणी घाला. या वेळी थोडं जास्त गरम, आणि थांबायचं कमी. पानं संपलेली नाहीत अजून."

अच्युतरावांनी पाणी घातलं. पहिल्या कपात थोडा, दुसऱ्यात थोडा, तिसऱ्यात थोडा आणि तसंच माघारी. तिन्ही कपांचा रंग सारखा झाला. शेवटचा थेंब त्यांनी कान तुटलेल्या कपात सोडला. कुमुदताई ओसरीवर टेकल्या आणि लेकीच्या, नातीच्या, शेजारच्यांच्या गोष्टी सांगत बसल्या. नळ ठिबकत होता, आत कुकरची शिट्टी झाली. कुणी काही म्हणालं नाही.

कुमुदताई नाशिकला गेल्या मात्र. नात वाट बघत होती, तिला काय सांगणार? स्टँडवर बॅग अच्युतरावांनी उचलली. गाडी हलता हलता त्यांनी खिडकीशी जाऊन विचारलं, "येशील ना?"

"पाकीट फोडून पंधरा दिवस झालेतच," कुमुदताई म्हणाल्या. "बुवांनी महिनाच सांगितलाय. चहा शिळा व्हायच्या आत येते."

घरी येऊन अच्युतरावांनी पाकिटाचं तोंड घट्ट दुमडलं, चिमटा लावला आणि कान तुटलेला कप विसळून किटलीशेजारी ठेवला.

आज संध्याकाळी तुमच्या घरी चहा गाळला जाईल, तेव्हा शेवटचा कप कुणाच्या हाती जातो, तेवढं बघा.