साळुंकीने गाळलेली वाक्ये

ते राज्य डोंगर आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले होते. भात, मीठ आणि मासळीवर त्याचे पोट भरे. पुढे थंडीत उत्तरेकडून पांढरे पक्षी पाहुणे म्हणून उतरू लागले, आणि पाहुणे हेच तिथले मुख्य पीक ठरले.

पाहुण्यांना राज्याची ओळख करून देण्याचे काम शेवती नावाच्या साळुंकीकडे होते. नद्या किती, भाताची खाजणे कुठे, मिठागरात कोण राबते, सगळे ती एका दमात सांगे. पहिल्या वर्षी दरबारचा कारभारी पाणकावळा तिला म्हणाला की खाजणातल्या चिखलाचे वाक्य गाळावे, पाहुणे नाक मुरडतात. तिने गाळले. महिन्याभरात खाजणावर भराव पडला. जे वर्णनात नाही ते राज्यात कशाला, अशी दरबाराची रीतच पडली. दुसऱ्या वर्षी मिठागरे गेली, तिसऱ्या वर्षी एक नदी.

शेवतीचा जीव थाऱ्यावर राहीना. ती एका फांदीवर टिकेना, बोलता बोलता मध्येच थांबे आणि खाली पाही.

एका दुपारी जानबा नावाचे पाणमांजर तिच्याकडे आले. खाडीकाठच्या कांदळवनात त्याचे बीळ होते, आणि आता कांदळवनाची पाळी असल्याचे त्याच्या कानावर आले होते.

"बाई, एवढं एक वाक्य राहू दे," तो म्हणाला. "माझी पिल्लं अजून पोहत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पाणकावळा समोर बसलेला असताना शेवतीने ते वाक्य सांगितले. नुसते सांगितले नाही, आयुष्यात प्रथमच जीव ओतून सांगितले: मुळांमधली सावली, भरतीचा आवाज, तिथली शांतता. पाहुण्यांनी माना उंचावल्या.

"तिथं उतरायची सोय होईल का?" एकाने विचारले.

पाणकावळा हसला.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत कांदळवन तोडून पाहुण्यांसाठी मचाणे उभी राहिली. शेवतीने घिरट्या घालून जानबाला खूप शोधले. तो सापडला नाही.

मग एका सकाळी वर्णन सुरू व्हायच्या वेळी पाहुण्यांच्या शेवटच्या रांगेत काही हालचाल झाली. जानबा पिल्लांना पोटाशी घेऊन बसला होता. पाणकावळा रीतीप्रमाणे प्रत्येकाची विचारपूस करीत त्याच्यापाशी आला.

"आपण कुठून आलात?"

जानबाने उत्तरासाठी शेवतीकडे पाहिले.