एक ते दोन

“अण्णा, जेवताना तरी माणसानं नुसतं जेवावं की नाही?”

सौमित्र विचारत होता. मी ताकाचा तांब्या घेऊन दारातच थांबले. या व्यसनमुक्तीच्या ऑफिसची आणि आमच्या घराची भिंत एकच. ताक हे निमित्त. आत काय चाललंय ते कळल्याशिवाय मला घास उतरत नाही.

ऑफिस अण्णांचं. दारू सोडायला आलेल्यांना ते वर्षानुवर्षं सांभाळतायत. सौमित्र इंजिनिअर, त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. पोरगा हुशार, आणि हुशार आहोत हे त्यालाही चांगलं ठाऊक. आल्या आल्या त्यानं नवे फोन बसवले. कुठला फोन कधी, कोणाच्या टेबलावर वाजायचा, ते सगळं आता कॉम्प्युटरवर ठरायचं.

“एक ते दोन घंटी बंद,” तो म्हणाला. “कोणी फोन केलाच तर माझा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येईल, दोननंतर करा म्हणून. इथे नुसता दिवा लुकलुकेल. साखर बघा तुमची! रोज ताटावरून उठता.”

“बरं. साहेब म्हणतील तसं,” अण्णा म्हणाले.

त्यानं बटण दाबलं. अण्णा जेवायला बसले. मी वाटीत ताक ओतलं.

“बघा काकू, गरम भाकरी खातायत!” सौमित्र खूश झाला.

तेवढ्यात टेबलावरच्या फोनचा तांबडा दिवा लुकलुकला. आवाज नाही. नुसता दिवा...

विझला.

अण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“करतील की दोनला,” सौमित्र म्हणाला. “नाहीतर आपणच लावू. नंबर आलाय.”

त्यानं रिसीव्हर उचलला. अण्णांनी उष्ट्या हातानंच त्याचं मनगट धरलं. पांढऱ्या बाहीला आमटी लागली.

“कुमुद,” ते माझ्याकडे वळले, “तू पहिला फोन केलास तो कधी?”

मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

“दुपारीच. हे पिऊन आले होते, जेवून झोपले होते.”

“भिंतीला भिंत आपली. चालत का नाही आलीस?”

“दाराची कडी वाजली असती.”

“आणि मी उलटा फोन केला असता तर?”

“हे उठले असते...”

अण्णांनी सौमित्रचं मनगट सोडलं.

खिडकीतून अंगण दिसत होतं. आमचे हे तिथे एका नव्या पेशंटला झाडांना पाणी घालायला शिकवत होते. झाडांपेक्षा त्याच्या पायांवरच जास्त पाणी पडत होतं, आणि दोघं हसत होते.

मी अण्णांच्या वाटीत आणखी ताक ओतलं. ती भरलेलीच होती.

सौमित्रनं रिसीव्हर अलगद खाली ठेवला. कॉम्प्युटरपाशी गेला. एक ते दोन पुसून टाकलं.

मग आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. भाकरी गार झाली.

...

घंटी वाजली. पुरती वाजूसुद्धा दिली नाही त्यानं.

“बोला ताई. हळू बोललात तरी चालेल... झोपलेत ना ते? ऐकतोय मी.”

बराच वेळ तो नुसतं “हो... हो...” म्हणत होता. फोन ठेवला, तोवर बाहीवरची आमटी वाळून गेली होती.

“अण्णा,” तो खाली मान घालून म्हणाला, “मग तुमच्या जेवणाची वेळ कोणती लावू?”

अण्णांनी गार भाकरीचा तुकडा मोडला.

“आत्ता जो झोपलाय ना, त्याला विचार.”