डॉट तमाशा कोणाचं?

इंटरनेटवरच्या पत्त्याला ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट तमाशा’ असं शेपूट लावायची सोय होणार होती. ते ज्याच्या ताब्यात जाईल, त्याला विचारल्याशिवाय एकाही फडाला ते वापरता आलं नसतं. ते कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीचा नियम एवढाच होता, की नावातली कला जो स्वतः करतो, त्यालाच ते मिळेल.

अर्ज दोन आले. एक सिनेनिर्माते रणधीरराव निंबकरांचा, दुसरा फडमालकांच्या वतीने केशरबाई आष्टीकरांचा. सुनावणीला रणधीरराव तीन वकील घेऊन आले.

"तमाशा आम्ही जगभर नेऊ," ते म्हणाले. "या बाईंना कॉम्प्युटर तरी उघडता येतो का?"

"नाही येत. नात उघडून देते," केशरबाई म्हणाल्या. "पण रणधीरराव, तुमच्या घरात तमाशा कोण कोण करतं?"

रणधीरराव ताडकन उठले. "तोंड सांभाळा, बाई! आमच्या सात पिढ्यांत कुणी तमाशा केलेला नाही!"

वकिलाने त्यांचा कोट ओढला, पण उशीर झाला होता.

केशरबाईंनी अध्यक्षांना हात जोडले. "साहेब, हे लिहून घ्या. आमच्या चार पिढ्यांनी दुसरं काही केलेलंच नाही."

अध्यक्षांनी हसू दाबत निकाल फडांच्या बाजूने दिला.