दोन काठांची सायत्रा

फार वर्षांमागची, हिरापाळचा तलाव आजच्याहून कितीतरी मोठा होता तेव्हाची ही गोष्ट. या काठावरून त्या काठाचं झाडसुद्धा दिसत नसे. काठाकाठानं, पाण्यातल्या खडकांवर दगडी बुरूज उभे होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दिव्याची जागा होती. मासे धरायला गेलेल्या ढिवरांना अंधार पडता पडता घर सापडावं म्हणून कुण्या राणीनं ते बांधले, असं म्हणतात. पण सायत्रेच्या काळात बाकीचे बुरूज कधीचेच विझले होते. त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसायचे. जळता दिवा एकच, धानेगावचा. तो लावायचा सायत्रेचा बाप, लटारू ढिवर.

सायत्रा लहानाची मोठी झाली ती बापाच्या डोंग्यात. लाकूड कोरून केलेला तो अरुंद डोंगा, मोहाच्या बियांच्या तेलाचं मडकं आणि वाऱ्याला पाठ देऊन वात पेटवणारा बाप. आई तिला आठवतही नव्हती. पुढं ती लग्नाची झाली आणि पलीकडच्या काठावर, पिपरटोल्याला, मंगरूच्या घरी दिली गेली. डोंग्यातून पाठवणी करताना लटारू म्हणाला, "रडू नको वो माय. तिन्हीसांजेला पाण्याकडं पाहत जा. दिवा दिसला की समज, बा बरा हाय. धान कापून झालं की मी येतोच तुले न्यायला."

दोन वर्षं तो आला. तिसऱ्या वर्षी दोन्ही गावांत जाळ्यांवरून भांडण पेटलं. भर तलावात डोंग्यांवर डोंगे आदळले आणि पिपरटोल्याच्या श्रावण पाटलाचा धाकटा भाऊ बुडून मेला. पाटलानं पंचांना बसवलं आणि सांगितलं, "आजपासून या काठाचा डोंगा त्या काठाला लागायचा नाई. तिकडची लेक जायची नाई, इकडची लेक यायची नाई." पाटलाची स्वतःची मुलगी धानेगावात दिलेली होती. तिचं नावही त्यानं त्या दिवसापासून घेतलं नाही.

तेव्हापासून सायत्रा तिन्हीसांजेला घागर घेऊन काठावर जायची आणि घागर भरली तरी उठायची नाही. पाण्यापल्याड तांदळाच्या कणीएवढा उजेड दिसायचा. तो दिसला की ती घरी येऊन चूल पेटवायची. तिची सासू भिवराबाई फार कमी बोलायची. एकदा ती सुनेच्या मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी पण धानेगावचीच हावो. माहेरचं कोणी उरलं नाई, तवापासून मी तिकडं पाहणं सोडलं."

"आत्या, मले बाचा दिवा दिसते," सायत्रा म्हणाली. "पण मी बरी हावो, हे त्याले कसं दिसन?"

भिवराबाई घरात गेली आणि तेलाचं मडकं घेऊन आली. पिपरटोल्याचा बुरूज काठाला लागूनच होता, गुडघाभर पाण्यात. सायत्रा चढली, पाणकावळ्यांची घाण खरवडून काढली आणि वात पेटवली. थोड्या वेळानं पलीकडची ती कणी झाकली गेली, उघडली, पुन्हा झाकली, पुन्हा उघडली. लटारूनं लेकीला ओळखलं होतं.

मग रोजचंच झालं. धानेगावाहून आलेल्या साऱ्या सुना पदराखाली पळीभर तेल लपवून आणू लागल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, देवापुढं दिवा लावायला नेतो.

अशी बरीच वर्षं गेली. आणि एका सांजेला धानेगावचा दिवा लागलाच नाही.

सायत्रा काठावर उभी राहिली. वारा उठला होता, पाणी काळं पडत चाललं होतं. तिनं मंगरूचा डोंगा ओढायला सुरुवात केली. ते कळताच श्रावण पाटील धावत आला.

"सायत्रा, डोंगा पाण्यात घातला तर या काठावर पुन्हा पाय ठेवता यायचा नाई!"

"नाई ठेवत," ती म्हणाली.

मंगरू मोठा सरळ माणूस. पाटलासमोर तोंड वर करून बोलायची त्याची छाती नव्हती. पण त्यानं वल्हं उचलून बायकोच्या हातात दिलं आणि डोंगा पाण्यात लोटला.

भर तलावात पोचल्यावर सायत्रेला पुढं काहीच दिसेना. वारा डोंगा गरगर फिरवायचा आणि कुठला काठ माहेरचा, कुठला सासरचा, काही कळेना. तेव्हा एका बाजूला एक उजेड दिसला. मग दुसरा. मग तिसरा. पिपरटोल्याच्या सुना पाटलाच्या डोळ्यांदेखत डोंगे घेऊन निघाल्या होत्या आणि बुरुजामागून बुरूज पेटवत चालल्या होत्या. भिवराबाई सगळ्यांत पुढं होती. सायत्रेनं त्या दिव्यांकडं पाठ केली आणि वल्हं मारलं. असं म्हणतात, सारसांची एक जोडी तिच्यापुढं ओरडत उडत होती आणि ती जिथून जाई तिथल्या लाटा तळहातासारख्या सपाट होत.

लटारू बुरुजाच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसला होता. मांडीवर तेलाचं मडकं होतं आणि पायांत उठायचं बळ नव्हतं.

"बा!"

त्यानं हात पुढं करून तिचं तोंड चाचपलं. "सायत्रा? आधी दिवा लाव वो माय. कोणी पाण्यावर असन."

ती वर गेली, दिवा लावला आणि खाली येऊन त्याला मांडीवर घेतलं. "बा, तिकडं सारे बुरूज पेटले हायेत. पाहा."

"मले दिसत नाई पोरी. कवाचंच नाई दिसत. शेजारचे सांगत, तुह्या लेकीचा दिवा लागला म्हणून. मी मानत गेलो."

पहाट व्हायच्या आत लटारू गेला.

सायत्रेनं बापाचं सगळं केलं आणि मग ती माहेरच्या काठावर उभी राहिली. आता पाण्यापल्याड तिला सासरचा दिवा दिसत होता. जिथं आई नाही, बाप नाही, तिथं राहवेना, आणि जिथं घर होतं तिथं पाय ठेवायचा नव्हता. मग तिनं डोंग्यातच संसार मांडला. कधी या बुरुजाला डोंगा बांधायची, कधी त्या. सांजेला मंगरू दुसऱ्या डोंग्यातून भात घेऊन यायचा आणि दोघं पाण्यावर शेजारी शेजारी बसून जेवायची.

बुरूज खडकावर आणि खडक पाण्यात, म्हणजे तो कुठल्याच गावचा नव्हे. हे तिच्या ध्यानात आलं. तिनं एका काठाला दिलेल्या लेकींना बुरुजावर बोलवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या काठाच्या आयाबापांनाही, ज्याच्या त्याच्या डोंग्यातून. तिथं, दिव्याखाली, बायका आईच्या गळ्यात पडून रडायच्या, पोरं आजाला पहिल्यांदा पाहायची. कुणाचाच डोंगा पलीकडच्या काठाला लागत नव्हता, त्यामुळं पंचांना काही बोलता येईना.

आणि एक दिवस श्रावण पाटील काठावर येऊन उभा राहिला. फार थकला होता तो. सायत्रेचा डोंगा जवळ आला, तसं तो म्हणाला, "माह्या पोरीले पाहून लई वर्षं झाली."

सायत्रेनं डोंगा वळवून काठाला लावला. "बसा, बाबाजी. हात धरा, डोंगा हालते."

लेकीला बुरुजावर भेटून परतताना पाटील लहान मुलासारखा हुंदके देत होता. काठ आला तसा तो म्हणाला, "उतर पोरी. तुह्या घरी जा."

सायत्रा उतरली. घरी गेली, भिवराबाईच्या पाया पडली, चुलीपुढं बसली. पण तिन्हीसांज झाली तसं तिचं मन पाण्याकडं ओढ घेऊ लागलं. पिपरटोल्याला असली की तिला धानेगाव आठवे, धानेगावला गेली की पिपरटोला. तिची ओढ काही मिटली नाही. पुढं म्हातारपणी एका पुनवेला ती दिवे लावायला गेली. सकाळी डोंगा शेवटच्या बुरुजाला नीट बांधलेला सापडला, वर दिवा जळत होता आणि ती कुठंच नव्हती. सारसांबरोबर गेली, असं म्हणतात.

हिरापाळला आजही दिवाळीनंतरच्या पुनवेला दोन्ही काठांच्या बायका डोंग्यांत बसून बुरुजामागून बुरूज फिरतात. प्रत्येक ठिकाणी पळीभर तेल घालतात, आपल्या माहेरच्या गावाचं नाव घेतात आणि पुढं जातात. जिच्या माहेरी आता कोणीच उरलं नाही, तिला सगळ्यांत पहिल्या डोंग्यात बसवतात. तो डोंगा पलीकडं ज्या घरासमोर लागेल, ते घर त्या दिवसापुरतं तिचं माहेर. तिथली बाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात येते. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. एवढंच म्हणते, "उशीर केला वो यायला."