फुल रेंज आणि रिकामी पातेली

"फुल रेंज दाखवतंय, आणि नातू काही दिसत नाही!"

सूर्यगडचे राजे भद्रसेन यांनी फोन आपटला. गादीवर आपटला हो, फोन नवा होता ना! रागावले तरी राजे हिशेबी माणूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पहिल्या नातवाचं बारसं होतं. लेक दिलेली डोंगरांपलीकडे, राजांचे गुडघे दुखरे, त्यामुळे जाणं होणार नव्हतं. "बाबा, मी बाळ व्हिडिओ कॉलवर दाखवते," असं लेकीनं कबूल केलं होतं. राजांनी नातवाचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. जीव नुसता टांगणीला लागला होता. आणि नेमकं आत्ताच फोनवर ते मेलं चक्र गोल गोल फिरत बसलं होतं.

महालाचा वायरमन खंडू. त्याला तातडीनं बोलावणं गेलं.

"महाराज, वायफायच्या पेटीचा दोष नाही," खंडू हात जोडून म्हणाला. "वायफाय हे महालाच्या आतलं. पेटीपासून तुमच्या फोनपर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. इंटरनेट येतं बाहेरून, टेकडीवरच्या केबलमधून. ती केबल परवा आपणच तोडायला लावलीत. तिच्यावर कावळे बसतात आणि खाली आपल्या पुतळ्यावर..."

दरबारात कुणीतरी खोकलं. कावळे पुतळ्यावर काय करतात ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी?

"वायफाय बिनतारी म्हणून घेतलं ना आपण? मग केबल कशाला लागते?" राजे कडाडले. "फुल रेंज आहे म्हणजे इंटरनेट आहे. कमी पडत असेल तर आणखी दहा पेट्या लाव. पण केबल हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. उद्या बारशाच्या वेळी नातू दिसला नाही, तर बायकोला घेऊन राज्याबाहेर व्हायचं!"

आता राजापुढं शहाणपण चालतं का? खंडूनं गुपचूप दहा पेट्या ठोकल्या. महालभर हिरवे दिवे लुकलुकायला लागले. गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा फुल रेंज. चक्र मात्र फिरतंय ते फिरतंयच.

खंडूची बायको आवडा राजांच्या मुदपाकखान्याची मुख्य. नवऱ्यानं गाठोडं बांधायला घेतलेलं तिनं पाहिलं. इथंच संसार मांडला, इथंच दारात शेवगा लावला, आणि आता निघायचं ते कावळ्यांपायी? तिनं गाठोडं सोडून टाकलं.

"तुम्ही त्यांच्या डोक्याशी बोललात. तिथं कुणी भेटत नाही," ती म्हणाली. "मी पोटाशी बोलते."

सकाळी बारशानिमित्त राजांचं पान मांडलं. चांदीचं ताट, भोवती रांगोळी. राजे बसले. प्रधान बसले. मानकरी बसले. लगेच दहा-बारा वाढपी धोतरं खोचून धावत आले.

"भात घ्या, भात!"

"वरण, महाराज, वरण!"

"जिलबी! लाजायचं नाही हं, आणखी एक!"

पळी खणखणत होती, आग्रह जोरात चालला होता, आणि ताटात शीतसुद्धा पडत नव्हतं. राजांनी थोडा वेळ पाहिलं. मग पातेल्यात डोकावले. आत पातेल्याचं बूड दिसलं.

"आवडे, ही काय चेष्टा?"

"वाढणं चालूय की, महाराज. उशीर होतोय का? आणखी दहा वाढपी लावते."

"अगं, आणखी वाढपी घेऊन मी काय त्यांना खाऊ? पातेली रिकामी आहेत!"

"पण वाढपी फुल आहेत ना, महाराज? एका पानाला चार-चार!"

प्रधानांनी मिशीआड हसू दाबलं. राजांच्या पोटात भुकेनं गुरगुरलं.

"स्वयंपाक केलाच नाहीस का तू?"

"केला की. पुरणपोळ्या झाल्यात, कटाची आमटी उकळतेय. पण मुदपाकखान्यातून इकडे यायचं मधलं दार कालपासून बंद आहे."

"दार बंद? का म्हणून?"

"त्यातून माशा येतात, महाराज."

"माशा येतात म्हणून दार बंद करायचं!" राजांनी ताटावर मूठ आपटली. "मग जेवण काय भिंतीतून येणार? कोणत्या गाढवाची ही अक्कल?"

आवडानं मान खाली घातली. "गाढव कसं म्हणू, महाराज? आम्ही त्यांचं मीठ खातो."

खंडू छताकडे पाहू लागला. राजांनी रिकामी पातेली पाहिली, वाढप्यांकडे पाहिलं, भिंतीवर लुकलुकणाऱ्या पेट्या पाहिल्या. चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू ओशाळला.

"खंडू," ते बारीक आवाजात म्हणाले, "उभा काय राहिलास? जा, केबल जोड बाबा."

खंडू टेकडीकडे सुटला. इकडे मधलं दार उघडलं आणि वाढप्यांनी भरली पातेली आणली. पण राजांचा घास हातातच. डोळे फोनवर.

पाळण्याची वेळ झाली, चक्र थांबलं आणि पडद्यावर टोपडं घातलेलं एवढंसं तोंड उमटलं. त्यानं आजोबांकडे पाहून जांभई दिली. राजांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

बऱ्याच वेळानं त्यांना आठवण झाली. "आवडे, केबल जोडली खरी, पण कावळे पुन्हा येणार. माझ्या पुतळ्याचं काय?"

"पुतळा उचलून पलीकडे ठेवू या, महाराज."

"इतका जड दगड? हलेल का?"

"केबल हलवण्यापेक्षा राजा हलवणं सोपं," आवडा म्हणाली. "आज सकाळीच पाहिलं की सगळ्यांनी."

राजे इतके मोठ्यानं हसले की पडद्यावरचं बाळ दचकून रडायला लागलं. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून आवडाच्या हातात घातलं, आणि खंडूला आपल्या शेजारच्या पाटावर बसवून स्वतःच्या हातानं पुरणपोळीवर तूप वाढलं.