निगुडवाडीची पळसलुगडी

निगुडवाडीत पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी सहसा दिसणार नाही. दिसलीच तर समजा, तिच्या घरचं दुःख अजून ताजं आहे, मधे फाल्गुन आलेला नाही. बाकी ओट्यावर, बांधावर, देवळापुढे ज्या पळसाच्या फुलासारखी लुगडी नेसून बसलेल्या दिसतात, त्या सगळ्या नवरा गेलेल्या बाया. बाहेरचा माणूस गोंधळतो. मागे एक साहेब आले होते. म्हणाले, गावात लग्न आहे का? मी म्हटलं, नाही. या आमच्या विधवा.

हे खाली दिसतं ते सातीचं कुंड. काठाला शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. चपला इथेच काढा. कुंडाच्या खालच्या अंगाला उंबर आहे, वरच्या अंगाला पळसाची झाडं. त्या पळसांखाली जो सपाट दगड दिसतो, त्याची ही हकिगत.

किती सालं झाली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. गाव तेव्हा चाळीस उंबऱ्यांचं होतं, असं सांगतात. नवरा गेला की बाईच्या अंगावर बिनकाठाचं पांढरं लुगडं यायचं, ते ती मरेपर्यंत. वर्षाला एकच, माहेरच्यांनी द्यायचं. पांढरं लुगडं लग्नाच्या मांडवात शिरायचं नाही. धुण्याची जागासुद्धा वेगळी. सवाष्णींना उंबराची गार सावली, विधवांना वरचे पळस. फाल्गुनात पळसाला पान नसतं, नुसतं फूल. सावली कसली? गावाचाच नियम. चांगला होता असं मी म्हणणार नाही.

त्या काळी गोजराबाई नावाची एक बाई होती. तिची सून बाळंतपणात गेली आणि मागे सहा दिवसांची नात राहिली, ठकू. पोर दूध घेईना. रडायचीही थांबली. गोजराबाई तिला पदरात घेऊन या कुंडावर आली आणि आसरांना बोलली, "आयांनो, ही जगली तर हिच्या लग्नाची पहिली हळद मी माझ्या हातानं लावीन." दिवस मावळायच्या आत पोरीनं शेळीचं दूध घेतलं म्हणे.

तेव्हा गोजराबाईच्या कपाळाला कुंकू होतं. ठकू नऊ वर्षांची झाली आणि ते पुसलं गेलं. नवस मात्र तसाच राहिला.

पुढे ठकूचं लग्न पिंपळदरीला जमलं. फाल्गुनातला मुहूर्त धरला. गोजराबाई रायाजी पाटलाकडे गेली. रायाजी गावचा पाटील आणि भावकीनं तिचा दीर.

"भावजी, नवस आसरांचा हाय. फेडला न्हाय तर पोरीवर येईल."

"आन पांढऱ्या लुगड्यानं हळद लावली तर येणार न्हाय व्हय, वैनी?"

"मग मी करू काय?"

"मांडवामागं बसा. तिथनं दिसतं."

हा रायाजी आमच्याच घरातला, माझ्या पणजोबांच्याही मागचा कुणी. म्हणून त्याची चूक मी कमी करून सांगत नाही. माणूस सरळ होता, पण नियमापुढे त्याला माणूस दिसत नसे.

गोजराबाईनं वाद घातला नाही. घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही. गावात तिच्यासारख्या आणखी सहा जणी होत्या, सगळ्या म्हाताऱ्या. त्यांत येसाई वयानं सर्वांत मोठी. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण तोंड शाबूत होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "मांडवामागं तर मांडवामागं. पर सोच्छ नेसून बसू. वऱ्हाडानं म्हणू नये, निगुडवाडीच्या म्हाताऱ्या मळक्या."

साती जणी कुंडावर आल्या. पळसांखाली तीन दगडांची चूल मांडली, मोठा हंडा चढवला, राखेचं पाणी केलं आणि साती लुगडी उकळत टाकली. प्रत्येकीला एकच लुगडं. मग अंगाला काय? घोंगडी. तशा अवतारात वाटेवरून कुणाला दिसू नये म्हणून साती जणी त्या मोठ्या खडकामागे पाठमोऱ्या बसल्या. हंड्यापाशी कुणीच राहिलं नाही.

"लांबनं बघणाऱ्याला वाटंल, सात म्हशी बसल्यात," एक जण म्हणाली.

"म्हशी बऱ्या," येसाई म्हणाली. "त्यांला मांडवाच्या दारात बांधत्यात तरी."

तेवढ्यात वारा सुटला. फाल्गुनात वारा सुटतोच. पण जुनी माणसं सांगत, त्या सकाळी उंबराचं एक पान हललं नाही, हलले ते फक्त पळस. आसरांनीच झाडं हलवली, म्हणे. वरून फूल गळत राहिलं, टोपल्याटोपल्यांनी, आणि सगळं उकळत्या हंड्यात.

बऱ्याच वेळानं बाया उठल्या. एकीनं काठीनं पहिलं लुगडं वर उचललं आणि ती तशीच उभी राहिली. बाकीच्याही गप्प.

"काय गं, गप का झाल्या?" येसाई विचारू लागली. "फाटलं का काय?"

"न्हाय आत्याबाई. पेटलं."

"मग पानी वता की!"

कुणी हसलं, कुणी रडायला लागलं. साती लुगडी पळसाच्या रंगाची झाली होती. त्याच वेळी पाटील कुंडाकडे आला. वऱ्हाडाच्या बैलांना पाणी पाजायची जागा साफ आहे का, ते बघायला. त्यानं लुगडी पाहिली.

"ह्ये काय सोंग?"

"भावजी, झाडाखाली हंडा व्हता..."

"पांढरी करा. न्हाय झाली तर आज मांडवामागंसुदीक दिसू नका." एवढं बोलून तो गेला.

बायांनी लुगड्यांना राख चोळली, दगडावर आपटली, कुंडात खळबळली. रंग जाईना. पुन्हा राख, पुन्हा पाणी. प्रत्येक वेळी रंग जास्तच चढला. आधी केशरी होता, मग शेंदरी, मग उन्हं कलताना आभाळ होतं तसा. गोजराबाईच्या बोटांची सालं निघाली. आता तिला मांडवामागची जागाही उरली नव्हती.

इतक्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. वऱ्हाड वेळेआधी आलं होतं. घोंगडीत उभं राहणं शक्यच नव्हतं. साती जणींनी ओली लुगडी तशीच नेसली आणि कुंडाच्या काठाला उभ्या राहिल्या.

पहिल्या गाडीत वरमाई बसली होती, साळूबाई. पिंपळदरीत पुरुषसुद्धा तिच्यापुढे हळू बोलत. तिनं मान वर केली. समोर आसरांचं कुंड, काठाला सात जणी, ओले केस मोकळे, आणि अंगावर सगळा पळस. साळूबाईनं गाडी थांबायची वाट पाहिली नाही. उडी टाकली आणि गोजराबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आयांनो, वाटंतच दर्शन दिलंत!"

कुणी काही बोलायच्या आत तिनं गाठोडं सोडलं. साती जणींना हळदकुंकू लावलं. साती जणींची ओटी भरली, तांदूळ, खोबरं, खण, काही कमी केलं नाही. किती सालांनी त्या कपाळांना कुंकू लागलं होतं.

"गोजरे," येसाई हळूच म्हणाली, "ही बाई आपल्याला कोण समजलीया?"

"गप बस."

आता इथे नीट ऐका. गोजराबाई गप्प राहिली असती तर सगळं आपोआप झालं असतं. देवी म्हणून तिला मांडवात नेलं असतं. पण खोटं बोलून फेडलेला नवस फिटत नाही, हे तिला ठाऊक होतं. खरं सांगितलं तर वऱ्हाड अपशकुन मानून माघारी जाईल, हेही ठाऊक होतं. तिनं साळूबाईला हाताला धरून उठवलं.

"बाई, आम्ही आसरा न्हाय. मी ठकूची आजी. आम्ही साती जणी नवरं गेलेल्या बाया हाय. लुगडी चुकून रंगली." आणि नवसाचीही गोष्ट सांगितली.

साळूबाईचं तोंड लाल झालं.

"म्हंजी मला फशिवलं?"

"फशिवलं कुठं?" येसाई म्हणाली. "तुमीच आधी पाया पडला. आमी तर कुडकुडत हुबं व्हतो."

गाडीवानाला हसू आवरेना. त्याचं बघून आणखी दोघे हसले. साळूबाईनं एकवार सगळ्यांकडे बघितलं, तसे ते थांबले. मग तिच्याच ओठाचा कोपरा हलला. ती पळसाखालच्या, विधवांच्या धुण्याच्या त्या सपाट दगडावर जाऊन बसली.

"साळूबाईनं भरलेली ओटी आजवर माघारी घेतल्याली न्हाय. भरली ती भरली. उष्टी हळद माझ्या ताटात हाय, ती ह्या आजीच्याच हातानं लागंल. न्हायतर हितनंच गाड्या फिरत्यात. बोलवा तुमच्या पाटलाला."

पाटील आला. झालेलं त्याला सांगितलं. तो म्हणाला, रीत मोडणार नाही. ती म्हणाली, ओटी मोडणार नाही. दोघांनीही आवाज चढवला नाही. तेच वाईट. मुहूर्त पुढे सरकत होता, वाजंत्री हातात सनई घेऊन नुसता उभा होता.

शेवटी पाटील म्हणाला, "कुंडाचा कौल घेऊ. लुगडं मी माझ्या हातानं धुतो. रंग उतरला तर सोयऱ्यांनी ऐकायचं. न्हाय उतरला तर मी ऐकतो."

साळूबाईनं मान डोलावली आणि दगडावरून उठली.

गोजराबाई खडकामागे गेली, घोंगडी गुंडाळली आणि लुगडं बाहेर दिलं. रायाजी पाटलानं पागोटं काढून ठेवलं आणि विधवांच्या दगडापाशी गुडघे टेकले, डोक्यावर भर ऊन घेऊन. त्यानं जन्मात स्वतःचं धोतर धुतलं नव्हतं. लुगडं दगडावर हळूच ठेवायचा आणि उचलायचा.

"पाटील, निजवू नका त्याला," येसाई म्हणाली, "आपटा!"

वऱ्हाड पोट धरून हसलं. पाटलानं आपटलं. राख लावली, चोळलं, पिळलं. पाणी पिवळं झालं नाही. लुगड्याचा रंग तसूभर कमी झाला नाही. तो खाली बघतो तर त्याचे स्वतःचे दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीसारखे पिवळेधमक झाले होते. त्यानं हात कुंडात बुडवले, घासले. तसेच.

तेव्हा काय विचार केला ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. मग लुगडं पिळून खडकामागे दिलं.

"वैनी, नेसा. पहिली हळद तुमची." आणि गाडीवानांना म्हणाला, "बघताय काय? बैल जुपा."

मांडवात ठकू पाटावर बसली होती. तिला सांगितलं होतं, आजी मागे बसणार. समोर आजी आली ती पळसाच्या रंगात, हातात हळदीचं ताट.

"आजी, तू मांडवामागं बसणार व्हतीस न्हवं?"

"बसणार व्हते. पर तिथनं दिसत न्हाय," गोजराबाई म्हणाली आणि नातीच्या पावलांपासून कपाळापर्यंत हळद लावली. आसरांचा नवस फिटला.

मग कुणाचं तरी पाटलाच्या हातांकडे लक्ष गेलं. करवल्या ओरडल्या, पाटलाला हळद लागली! पाटलीणबाई दारातूनच म्हणाली, "मला न सांगता कुठं ठरवलं लगीन?" रायाजी पाटील चारचौघांत हसल्याचं गावानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, असं सांगतात. साती म्हाताऱ्यांनी मांडवात फुगडी घातली. साळूबाई येसाईबरोबर खेळायला उतरली आणि आधी तीच दमली.

त्याच दिवशी पाटलानं गावाला सांगितलं. विधवेनं पांढरं नेसायचं ते फक्त पळस फुलेपर्यंत. पळस फुलला की तिचं लुगडं रंगवायचं, आणि ते पाटलाच्या घरच्या पुरुषानं, त्याच दगडावर, स्वतःच्या हातानं. त्या लुगड्याला कोणत्याही मांडवाचं दार बंद नाही.

आजही ते तसंच चाललं आहे. फाल्गुन लागला की साळूबाई बसली होती त्या दगडापाशी हंडा चढतो. वाजंत्री येतो. म्हाताऱ्या हसून हसून बेजार होतात, आणि ज्या बाईचं लुगडं असेल तिलाही आधी रडू येऊन मग हसू येतं. पळसाचा रंग दुसऱ्या गावात दोन धुण्यांत जातो, इथे पुढच्या फाल्गुनापर्यंत टिकतो. एक शिकलेले गृहस्थ बाटलीत पाणी भरून घेऊन गेले होते. त्यांनी कळवलं, पाण्यात तुरटी आहे. असेल. ती तिथे कुणी ठेवली, ते त्यांनी कळवलं नाही.

तेहेतीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. आमच्या घरातून मात्र अधूनमधून विचारणा होते, "तुमी आधी गेलासा तर माझं लुगडं कोण रंगवणार?" मी सांगितलं आहे, थोरल्याला शिकवून ठेवलंय. तर म्हणते, त्याच्या हातून राख जास्त पडते, रंग काळपट येतो, तुमीच ऱ्हावा.

बघू.